हॉपी पेल एलची रेसिपी सुधारताना: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेल एल, म्हणजे फिकट सोनेरी रंगाची बिअर, पिण्याजोगी होणं फार अवघड नाही. पण ग्लास नाकाशी नेल्याबरोबर संत्र्याच्या सालीचा, आंब्याचा, पाइनच्या डिंकाचा वास यावा, घोट कोरडा उतरावा आणि दुसरा घ्यावासा वाटावा, इथपर्यंत पोचायला रेसिपीवर शांतपणे काम करावं लागतं. हे प्रश्न त्याच टप्प्यावरचे आहेत. ते विचारतात नाशिकमधल्या परवानाधारक मायक्रोब्रुअरीत छोट्या चाचणी बॅचेस घेणारे, वाईनकडून बिअरकडे वळलेले आणि परदेशी राहून तिथे घरच्या घरी बिअर करणारे आपलेच लोक. सगळी प्रमाणं फर्मेंटरमधल्या (बिअर आंबवायच्या भांड्यातल्या) २० लिटरसाठी धरली आहेत.

नाशिकमध्ये घरी बिअर केली तर चालते का?

नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते स्वतःला पिण्यापुरतं का असेना. मायक्रोब्रुअरीचा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून घ्यावा लागतो. इंग्लंडमध्ये १९६३ पासून आणि अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानंतर घरगुती बिअरला मोकळीक मिळाली, म्हणून होमब्रूची बहुतेक पुस्तकं आणि रेसिपी तिकडच्या आहेत. इथल्या माणसाने शिकायचं असेल तर परवानाधारक ठिकाणी, तिथल्या ब्रुअरच्या देखरेखीखाली शिकावं.

घरी बसून करता येण्यासारखं एक काम मात्र खरंच उपयोगाचं आहे, ते म्हणजे हॉप्स, अर्थात बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी एका वेलाची फुलं, ओळखणं. साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात हॉप्सचे दोन-तीन पेलेट (दळून दाबलेल्या गोळ्या) टाका, झाकण ठेवा, पाच मिनिटांनी वास घ्या. सहा जातींचे असे सहा कप शेजारी शेजारी ठेवले की वर्णनं वाचून जे कळत नाही ते नाकाला कळतं.

हॉपी पेल एल म्हणजे नेमकं कुठे पोचायचं?

अमेरिकन पेल एलसाठी परीक्षक जी चौकट वापरतात ती अशी: सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता, ती विरघळलेल्या साखरेने वाढते) १.०४५ ते १.०६०, शेवटची १.०१० ते १.०१५, कडवटपणा ३० ते ५० आयबीयू, मद्यार्क साधारण साडेचार ते सव्वासहा टक्के. या शैलीला ओळख मिळवून दिली ती कॅस्केड या हॉप्सने. तो १९७२ मध्ये अमेरिकेत लागवडीसाठी आला आणि १९८० मध्ये सिएरा नेवाडा या अमेरिकन ब्रुअरीच्या पेल एलने त्याची चव जगभर नेली.

आमचं मत विचाराल तर नाशिकच्या हवेला चौकटीची खालची बाजू मानवते. ५ टक्क्यांच्या आसपास, ३५ आयबीयू, कोरडा शेवट. उन्हाळ्यात साडेसहा टक्क्यांची जड बिअर अर्ध्या ग्लासातच नकोशी होते.

सुरुवातीला हातात धरायला एक रेसिपी द्याल का?

ही घ्या. मुद्दाम साधी ठेवली आहे, कारण हिच्यावरच पुढचे सगळे बदल करायचे आहेत.

पेल माल्ट (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला जव) ४ किलो, म्युनिक माल्ट ४०० ग्रॅम, हलक्या रंगाचा क्रिस्टल माल्ट २०० ग्रॅम. मॅश, म्हणजे दळलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवणं, ६६ अंशांवर एक तास. उकळी एक तास. उकळी फुटताच सेंटेनियल हॉप्स २० ग्रॅम (त्यातलं कडवटपणा देणारं अल्फा आम्ल १० टक्के धरून). शेवटची १० मिनिटं उरली की कॅस्केड २० ग्रॅम. आच बंद करून वर्ट (मॅशमधून मिळालेला गोड द्रव) ८० अंशांवर आणायचं आणि सिट्रा हॉप्स ४० ग्रॅम घालून २० मिनिटं हळू फिरवत ठेवायचं. नंतर १८ अंशांपर्यंत थंड करून तटस्थ चवीचं अमेरिकन एल यीस्ट, कोरड्या यीस्टचं साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट. किण्वन १८ ते १९ अंशांवर. शेवटी ड्राय हॉपला, म्हणजे आंबत आलेल्या बिअरमध्ये थेट घालायला, सिट्रा ६० ग्रॅम आणि कॅस्केड ४० ग्रॅम.

मॅशची कार्यक्षमता (माल्टमधली किती साखर उतरते ती) ७० टक्के धरली तर सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०४८ च्या आसपास येते. ती १.०१० वर थांबली की मद्यार्क ५ टक्के. कडवटपणा ३५ च्या जवळपास.

एका बॅचमध्ये किती गोष्टी बदलाव्यात?

एक. फक्त एक.

इतका हट्ट का, तर माल्ट बदललं, यीस्ट बदललं आणि हॉप्सही बदलले आणि बिअर छान झाली, तर नेमकी कशाने छान झाली हे कधीच समजत नाही. बिघडली तरी तेच. पुढच्या वेळी सगळं पुन्हा अंदाजाने.

वेळ वाचवायचा असेल तर बॅच दुभागा. एकच मॅश, एकच उकळी, पण १०-१० लिटरचे दोन फर्मेंटर. एकात २० लिटरला १०० ग्रॅमच्या हिशेबाने ड्राय हॉप, दुसऱ्यात १५० च्या. किंवा एकात एक यीस्ट, दुसऱ्यात दुसरं. बाकी सगळं आपोआप सारखं राहतं आणि दोन ग्लास शेजारी ठेवून चाखता येतात. आठवणीतल्या चवीशी तुलना करण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं.

बदलांचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी किण्वनाचं तापमान, मग ऑक्सिजन टाळणं, मग पाणी, मग माल्ट, आणि सगळ्यात शेवटी हॉप्सच्या जाती. बहुतेक जण उलट्या टोकापासून सुरुवात करतात. नवीन नावाचं पाकीट आणणं हे काम हौसेचं असतं, हे समजू शकतं. पण यीस्ट २८ अंशांवर तापत असेल तर सर्वांत महागडे हॉप्सही त्या वासाखाली दबून जातात.

वास येतच नाही. हॉप्स दुप्पट करू का?

थांबा. हॉप्सचं प्रमाण ही या तक्रारीमागची सगळ्यात कमी आढळणारी बाजू आहे. वास कुठे हरवतो ते आधी शोधू.

पहिली जागा म्हणजे पाकीट. हॉप्सच्या मादी फुलात ल्युप्युलिनच्या पिवळ्या ग्रंथी असतात. कडवटपणा देणारी अल्फा आम्लं आणि सुगंधी तेलं दोन्ही त्यांतच. उष्णता आणि हवा लागली की तेलं उडतात, उरलेल्याचं ऑक्सिडेशन होतं आणि चीजसारखा, पायमोज्यासारखा वास येऊ लागतो. पाकीट उघडून पेलेट बोटांत चुरडा. हिरवट, ताजा, नाकात चढणारा वास यायला हवा. तपकिरी रंग आणि चीजचा वास असेल तर ते पाकीट सुगंधासाठी वापरूच नका. हॉप्स परदेशातून येऊन, गोदामात थांबून, मेच्या उन्हात कुरिअरच्या गाडीतून नाशिकला पोचले असतील तर पाकिटावरच्या तारखेवर विसंबून चालत नाही. मागवायचे तर थंडीत मागवा, हवाबंद पाकिटात मागवा आणि आल्याबरोबर फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर ठेवा. उघडलेलं पाकीट पुन्हा व्हॅक्यूम करून बंद करा.

दुसरी जागा, उकळी. उकळत्या वर्टमध्ये मिर्सीनसारखी हलकी तेलं वाफेबरोबर निघून जातात. म्हणूनच सुगंधाचे हॉप्स आच बंद केल्यावर, ८० अंशांवर घालायला सांगितलं आहे. त्या तापमानाला अल्फा आम्लांचं रूपांतर मंदावतं, म्हणजे कडवटपणा थोडाच वाढतो आणि लिनालूल, जेरॅनिऑल हे सुगंधी घटक बऱ्यापैकी टिकतात.

तिसरी आणि सगळ्यात घातक जागा म्हणजे किण्वनानंतरची हवा. तयार बिअर एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना खळखळली, बाटलीत वर मोकळी जागा जास्त राहिली, ड्राय हॉप घालताना झाकण बराच वेळ उघडं राहिलं, की ऑक्सिजन आत जातो. मग दोन-तीन आठवड्यांत सोनेरी बिअर तपकिरी दिसू लागते, आंब्याच्या वासाच्या जागी मधासारखा, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. हॉप्स जितके जास्त तितकं हे ठळकपणे दिसतं. यावर उपाय साधे आहेत, पण ते दर वेळी पाळावे लागतात. बिअर हलवायची ती भांड्याच्या तळाशी नळी टेकवून, आवाज न करता. केग (बिअरचं धातूचं पिंप) असेल तर तो आधी कार्बन डायऑक्साइडने पूर्ण धुऊन घ्यायचा. ड्राय हॉप किण्वन संपता संपता, थोडे बुडबुडे येत असतानाच घालायचे, म्हणजे शिरलेला ऑक्सिजन यीस्ट वापरून टाकतं.

या तिन्ही जागा तपासल्यावरही वास कमी वाटला, तर मग ड्राय हॉप लिटरला ५ ग्रॅमवरून ७ पर्यंत न्या. त्यापुढे फार जाऊ नका. ओरेगॉन स्टेट विद्यापीठातल्या अभ्यासात लिटरला ८ ग्रॅमच्या पुढे सुगंधाची वाढ मंदावते आणि गवतासारखी, चहाच्या चोथ्यासारखी चव वाढू लागते, असं दिसलं आहे.

महापालिकेचं पाणी चालेल की आरओ?

दोन्ही चालतात, पण दोन्हींना वेगवेगळी तयारी लागते.

नाशिक शहराला मुख्यतः गोदावरीवरच्या गंगापूर धरणाचं पाणी मिळतं, त्याला मुकणे आणि दारणेची जोड असते. हे पृष्ठभागावरचं पाणी आहे. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात ते सारखं राहत नाही. बोअरचं पाणी मात्र बेसॉल्ट खडकातून येतं, ते बरंचसं जड असतं आणि त्यात बायकार्बोनेट जास्त आढळतं. बायकार्बोनेट मॅशचा पीएच वर ढकलतं आणि पेल एलला तेच सोसत नाही. कडवटपणा खरखरीत होतो, रंग मळकट येतो.

पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. अहवालात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, सल्फेट, क्लोराइड आणि एकूण अल्कलिनिटी हे सहा आकडे हवेत. नुसता टीडीएसचा (विरघळलेल्या एकूण क्षारांचा) आकडा कामाचा नाही, त्यातून सल्फेट किती आणि बायकार्बोनेट किती हे कळत नाही.

तपासणीच्या भानगडीत पडायचं नसेल तर आरओचं पाणी घ्या आणि त्यात क्षार स्वतः घाला. एका बॅचला मॅश आणि माल्टचा चोथा धुण्याचं मिळून साधारण ३० लिटर पाणी लागतं. त्यात जिप्सम ६ ग्रॅम आणि कॅल्शियम क्लोराइड ३ ग्रॅम घातलं, की कॅल्शियम ७४, सल्फेट ११२ आणि क्लोराइड ४८ पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आसपास येतं. सल्फेट क्लोराइडच्या दुपटीहून थोडं जास्त असलं की कडवटपणा स्वच्छ आणि शेवट कोरडा लागतो. इंग्लंडमधल्या बर्टनच्या पेल एलचं नाव झालं ते तिथल्या सल्फेटने भरलेल्या विहिरींच्या पाण्यामुळेच. गोलाई जास्त हवी असेल तर दोन्ही क्षारांचं प्रमाण उलटं करून पाहा. एकाच वर्टच्या दोन बॅचेसमध्ये हा फरक इतका स्पष्ट जाणवतो की नवख्यालाही सांगावा लागत नाही. क्षार अन्नासाठी वापरण्याच्या दर्जाचेच घ्या, बांधकामाचं जिप्सम नको.

नळाचं पाणी वापरणार असाल तर त्यातलं क्लोरीन काढायलाच हवं. ते माल्टमधल्या फिनॉलशी जुळून औषधी पट्टीसारखा वास देतं. ३० लिटरला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट ०.१५ ते ०.२ ग्रॅम पुरतं. वाईनवाल्यांच्या या शहरात हे मेटाबायसल्फाइट, म्हणजे केएमएस, मिळवायला अडचण येत नाही, फक्त इतकं कमी मोजायला दागिन्यांचा काटा लागतो.

मॅशचा पीएच ५.२ ते ५.४ ठेवा. लॅक्टिक आम्ल थेंब थेंब घाला आणि मीटरने मोजा. मीटर नसेल तर आधी मीटर घ्या, मग नवे हॉप्स.

एप्रिल-मेमध्ये तापमान कसं सांभाळायचं?

बाहेर ४० अंश असताना साध्या खोलीत एल करू नये, हे आधी सांगून टाकतो. शिवाय किण्वन स्वतः उष्णता निर्माण करतं, त्यामुळे फर्मेंटरच्या आतलं तापमान खोलीपेक्षा काही अंश वरच असतं. तटस्थ एल यीस्ट २५ च्या वर गेलं की फळांचे नको ते वास आणि घशात जळजळणारी जड अल्कोहोलं तयार होतात. किण्वनाचे पहिले तीन दिवस सगळ्यात नाजूक. तेवढे सांभाळले तर अर्धी लढाई जिंकली. जुना फ्रिज आणि बाहेरून लावायचा तापमान नियंत्रक ही जोडी पुरते. नियंत्रकाचा सेन्सर फर्मेंटरच्या बाहेरच्या भिंतीला चिकटवून त्यावर फोमचा तुकडा बांधा. नुसता हवेत लोंबकळू देऊ नका.

थंड करायची सोय अजिबातच नसेल तर नॉर्वेतलं क्वाइक यीस्ट बघा. व्हॉस जातीचं क्वाइक ३५ अंशांच्या वरही स्वच्छ काम करतं आणि त्याला संत्र्याची हलकी झाक असते, जी सिट्रा-कॅस्केडशी छान जुळते. पण त्याची पेल एल वेगळी लागते. आधीच्या यीस्टवर बेतलेली रेसिपी जशीच्या तशी उचलून चालत नाही.

आणि थंडीत?

डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या येतात तेव्हा नाशिक एलसाठी फार चांगलं असतं. रात्री फर्मेंटरला जुनी गोधडी गुंडाळा, कारण १५ च्या खाली गेलं की यीस्ट झोपी जातं. नवीन रेसिपीवर काम करायचं तर हेच महिने निवडा.

बिअर गोडसर आणि चिकट लागते.

क्रिस्टल माल्ट कमी करा. जुन्या रेसिप्यांत ते १० टक्क्यांपर्यंत दिसतं. गोडवा हॉप्सना झाकतो, आणि हे माल्ट जुनं झालं की त्याला मनुक्यांसारखा वास येतो, जो पेल एलमध्ये अजिबात नको. वरच्या रेसिपीत ते ४ टक्क्यांच्या आसपास आहे. तेही काढून पाहा आणि त्या जागी पेल माल्टच वाढवा. बऱ्याच वेळा तेवढ्याने बिअर उजळते.

मग मॅशचं तापमान बघा. ६८ अंशांवर न आंबणाऱ्या शर्करा जास्त तयार होतात, ६५ वर कमी. थर्मामीटर दोन अंशांनी चुकत असेल तर सगळं गणित चुकतं. त्याला बर्फाच्या पाण्यात घालून शून्य दाखवतो का ते तपासा. उकळत्या पाण्यात तपासणार असाल तर लक्षात ठेवा की नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी १०० नव्हे, ९८ अंशांना उकळतं.

माल्ट पावसाळ्यात सादळतं, हेही एक कारण असतं. दळलेलं माल्ट ठेवूच नका. अख्खं माल्ट हवाबंद डब्यात, सोंडे लागणार नाहीत असं ठेवा. दाणा दाताखाली कुरकुरीत फुटला पाहिजे.

पोहे, नागली वगैरे घालता येतात का?

पोहे जरूर घाला. तांदूळ भिजवून, भाजून, चेपून पोहे करतात, त्यात त्यातला स्टार्च आधीच शिजलेला असतो. वेगळं शिजवावं लागत नाही, सरळ मॅशमध्ये जातात. पेल माल्टच्या ३०० ग्रॅमच्या जागी तेवढेच जाड पोहे घातले तर अंग हलकं होतं आणि हॉप्स पुढे येतात. नाशिकच्या दुपारी प्यायच्या बिअरला हा बदल आम्हाला मनापासून आवडतो.

नागली पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात पिकते आणि तिला मोड आणून सत्त्व करण्याची आपली पद्धत आहेच. तिची मातकट, खमंग चव पेल एलपेक्षा तपकिरी एलमध्ये जास्त शोभते. इथे ५ टक्क्यांपुढे जाऊ नका. ज्वारी-बाजरीचा स्टार्च मॅशच्या तापमानाला नीट मोकळा होत नाही, ती आधी शिजवावी लागते. भारतीय जवाच्या माल्टबद्दलही विचारलं जातं. इथे सहा-ओळींचा जव पुष्कळ वापरला जातो, त्याला टरफल आणि प्रथिनं जास्त, म्हणून बिअर थोडी गढूळ आणि उतारा किंचित कमी. पोहे घालायला उलट तोच चांगला, कारण जास्तीच्या टरफलामुळे गाळणी तुंबत नाही.

कडवटपणा जिभेच्या मागे रेंगाळतो, घासल्यासारखा.

हा आयबीयूचा दोष सहसा नसतो. चोथा धुताना पाणी ७७ अंशांच्या वर गेलं किंवा पीएच ६ कडे सरकला तर टरफलातला तुरटपणा उतरतो. ड्राय हॉपचे कण तळाशी बसायच्या आत बिअर भरली तरी घसा खवखवतो. अशी बिअर दोन अंशांवर चार दिवस ठेवून पुन्हा चाखा, बऱ्याचदा तेवढ्यानेच मऊ होते. सल्फेट ३०० पीपीएमच्या घरात असेल तर तेही कमी करा.

हॉप्सच्या किती जाती घ्याव्यात?

दोन. फार तर तीन. पाच जाती एकत्र केल्या की कोणतीच धड ओळखू येत नाही आणि रेसिपी सुधारायला पकड मिळत नाही. आधी एकाच जातीची पेल एल करा. सिट्रा एकटा कसा लागतो हे माहीत असल्याशिवाय त्याच्या जोडीला काय द्यायचं ते ठरवता येत नाही. कॅस्केड म्हणजे ग्रेपफ्रूट आणि फुलं. सेंटेनियल त्याच वळणाचा, पण जास्त भरीव. सिमकोमध्ये पाइन आणि माती. मोझॅइकमध्ये बेरी आणि आंबा. सिट्रामध्ये लिंबू, लिची, पिकलेली फळं.

इथे नाशिककरांना एक जमेची बाजू आहे. दिंडोरी आणि गंगापूर परिसरातल्या वायनरीतून सोव्हिन्यों ब्लां द्राक्षाची पांढरी वाईन चाखून ज्यांचं नाक तयार झालं आहे, त्यांना या हॉप्समधलं पॅशनफ्रूट आणि पेरू पटकन सापडतं. कारण वास देणारे रेणू तेच आहेत, गंधकयुक्त थायॉल्स. सोव्हिन्यों ब्लांमध्ये जे ३-मर्कॅप्टोहेक्झॅनॉल असतं तेच अनेक हॉप्समध्येही सापडतं, आणि त्याचा वास यायला अब्जांशाइतकं प्रमाणही पुरतं. न्यूझीलंडच्या एका हॉप्सला नेल्सन सोव्हिन हे नाव या द्राक्षावरूनच मिळालं. तो मिळाला तर ड्राय हॉपमधल्या कॅस्केडच्या जागी ४० ग्रॅम घालून पाहा. द्राक्षाच्या गावातल्या पेल एलला याहून नैसर्गिक जोड सुचत नाही.

नाशिकला द्राक्ष होतं, मग हॉप्स का नाही?

दिवसाच्या लांबीमुळे. हॉप्सच्या वेलाला फुलोऱ्याआधी उन्हाळ्यात लांब दिवस आणि मग कडक थंडीची विश्रांती लागते. तो मुख्यतः ३५ ते ५५ अंश अक्षांशांत पिकतो, नाशिक आहे २० अंशांवर. भारतात लाहौलसारख्या उंच, थंड भागात त्याची लागवड झाली आहे.

ड्राय हॉप कधी घालायचा आणि किती दिवस?

ग्रॅव्हिटी शेवटच्या आकड्यापासून तीन-चार पॉइंट (०.००३-०.००४) वर असताना. तीन दिवस पुरतात. पेलेटमधलं तेल लवकर उतरतं, आठवडाभर ठेवून मिळतं ते गवत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तिच्याशी सुरक्षिततेचा संबंध आहे. हॉप्समध्ये थोडी विकरं (एन्झाइम) असतात. ती न आंबलेल्या डेक्स्ट्रिनचे (मोठ्या शर्करांचे) तुकडे करतात आणि यीस्टला पुन्हा खायला मिळतं. संपलंय असं वाटणारं किण्वन हळूच पुन्हा सुरू होतं. त्यातून एक तर लोण्यासारखा डायअसिटिलचा वास येतो, आणि दुसरं म्हणजे बिअर आधीच बाटलीत भरलेली असेल तर दाब वाढून बाटली फुटू शकते. म्हणून ड्राय हॉपनंतर ग्रॅव्हिटी सलग तीन दिवस सारखी आल्याशिवाय भरू नका. हॉप्स घातल्यावर लगेच थंडही करू नका, यीस्टला डायअसिटिल शोषून घ्यायला वेळ द्या.

बाटलीत साखर किती?

लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे २० लिटरला १२० ग्रॅम साधी साखर, थोड्या पाण्यात उकळून. बिअर २० अंशांच्या आसपास असेल तर याने बिअरच्या आकारमानाच्या अडीच पटीच्या जवळ कार्बन डायऑक्साइड मुरतो. बाटली तपकिरी काचेचीच हवी. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीत उन्हाने हॉप्सच्या कडू रेणूंपासून एक थायॉल तयार होतं आणि अत्यंत वाईट वास सुटतो, गच्चीवरच्या उन्हात तर काही मिनिटांत.

बदल केल्यावर बिअर सुधारली हे ठरवायचं कसं? सगळेच छान म्हणतात.

मित्र छान म्हणणारच. त्यांना विचारायचा प्रश्न बदला. तीन सारखे ग्लास घ्या, दोनांत जुनी बिअर, एकात नवी. किंवा उलट. ग्लासांवर फक्त खुणा. चाखणाऱ्याने वेगळा ग्लास कोणता एवढंच सांगायचं. नुसत्या अंदाजाने तिघांपैकी एकाचं उत्तर बरोबर येणारच, म्हणून १२ जणांपैकी निदान ८ जणांनी बरोबर ओळखलं तरच फरक खरा मानतात. आधी फरक ओळखता आला पाहिजे, कोणती आवडली हा प्रश्न त्यानंतरचा. ज्या बदलाचा फरक कुणालाच कळत नाही तो रेसिपीतून काढून टाकायला घाबरू नका. जितके घटक कमी, तितकी पुढची बॅच सारखी येण्याची शक्यता जास्त.

ग्लास अपारदर्शक घ्या किंवा दिवा मंद ठेवा, रंगावरून ओळखू देऊ नका. बिअर ८ ते १० अंशांवर द्या. बर्फासारख्या थंड बिअरमध्ये सुगंध बाहेर पडत नाही. आणि चाखण्याआधी मिसळ नको, तर्री जिभेवर असताना कडवटपणाचा अंदाज पूर्ण चुकतो.

वहीत काय लिहून ठेवायचं?

हॉप्सच्या पाकिटावरचं वर्ष आणि अल्फा आम्लाची टक्केवारी नक्की लिहा. तीच जात पुढच्या हंगामात १० ऐवजी ८ टक्क्यांची आली तर २० ग्रॅमचे २५ करावे लागतात. याशिवाय पीएच, रोजचं किण्वनाचं तापमान, दोन्ही ग्रॅव्हिटी, पाण्यातले क्षार. चवीची नोंद भरल्यापासून दोन, चार आणि आठ आठवड्यांनी करा. आठव्या आठवड्याची नोंद तुमची ऑक्सिजनची शिस्त किती पक्की आहे ते सांगते.

२० लिटरला जमलेली रेसिपी ५०० लिटरला तशीच नेता येते का?

माल्ट आणि पाणी जवळपास त्याच प्रमाणात नेता येतं, मोठ्या यंत्रणेची कार्यक्षमता सहसा जास्त असते म्हणून माल्ट थोडं कमी लागतं. अडचण येते ती शेवटच्या हॉप्सची. २० लिटर वर्ट पटकन थंड होतं. ५०० लिटर आच बंद झाल्यावरही बराच वेळ ९० अंशांच्या वर राहतं आणि तेवढा वेळ अल्फा आम्लांचं रूपांतर चालूच राहतं. छोट्या बॅचमध्ये फक्त सुगंध देणारे हॉप्स तिथे चांगलाच कडवटपणा देतात. तेव्हा पहिल्या मोठ्या बॅचला उकळीच्या सुरुवातीचं सेंटेनियल चतुर्थांशाने कमी करा, वर्ट कूलरमधून फिरवून ८० अंशांवर आल्यावरच सिट्रा घाला, आणि ड्राय हॉप लिटरला ५ ऐवजी ४ ग्रॅमपासून सुरू करा. पुढची बॅच चाखून ठरवा.